खमक्या माणूस आणि त्याला अडवणारा कायदा

‘एक खमक्या माणूस खुर्चीवर बसवा, त्याला मोकळा हात द्या, मग बघा सगळं कसं सुतासारखं सरळ होतं.’ पिंपरी-चिंचवडच्या टपऱ्यांपासून चाकणच्या कंपनी-बसपर्यंत हे मत सर्रास ऐकू येतं. शिफ्ट चुकेल या धास्तीने रोज चाकणच्या तळेगाव चौकात अडकणाऱ्या कामगाराला ते पटावं, यात नवल नाही. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत, संसद-न्यायालयाचा अडसर नसलेला नेता चांगला, असं म्हणणारे भारतीय ६७ टक्के निघाले. २०१७ मध्ये ते ५५ टक्के होते. यावरून लोकांना लोकशाही नकोशी झाली, असा निष्कर्ष काढणं हा पहिला गैरसमज. त्याच पाहणीत मोठ्या बहुमताने प्रातिनिधिक लोकशाहीही चांगलीच ठरवली. लोकांना हवं आहे ते काम, आणि लहानमोठ्यांना सारखा लागू होणारा नियम. अडसर काढला की नियम सगळ्यांना सारखा लागतो, ही समजूत मात्र तपासून पाहायला हवी.

इथे नेहमी दिला जाणारा दाखला डॉ. श्रीकर परदेशींचा. २०१२ मध्ये ते पिंपरी-चिंचवडचे महापालिका आयुक्त झाले, अनधिकृत बांधकामांवर त्यांनी हातोडा चालवला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत मुदत पुरी होण्याआधीच त्यांची बदली झाली. लोक रस्त्यावर उतरले, तरी बदली टळली नाही. या कहाणीतून ‘एकटा माणूस सगळं करू शकतो’ असा अर्थ काढला जातो. वस्तुस्थिती उलटी आहे. परदेशींची ताकद नगररचना कायद्यात आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांत होती. त्यांना हलवणारी ताकद मात्र मंत्रालयातली होती. अधिकाऱ्याला ठरावीक मुदत देणारा बदल्यांचा २००५ चा कायदा राज्यात आहे, पण त्यातही अपवादाची वाट ठेवलेली आहे. वरच्या सत्तेला जितका मोकळा हात, तितका नडणारा प्रामाणिक अधिकारी आधी बाहेर फेकला जाणार. त्यांच्या काळातली ‘सारथी’ हेल्पलाइन मात्र ते गेल्यावरही चालू राहिली, कारण ती व्यवस्था होती.

‘नगरसेवक नसले तर राजकारण संपतं आणि कामं धडाधड होतात’ हा दुसरा समज. त्याची परीक्षा या शहराने जवळजवळ चार वर्षं दिली आहे. १३ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत १२८ नगरसेवकांच्या जागी एकटा प्रशासक होता. नगरसेवकांविषयीचा राग खोटा नाही. ठेके आणि टक्केवारीचे आरोप लोकांनी वर्षानुवर्षं ऐकले आहेत. पण प्रशासकाच्या काळात काय झालं? फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामं आठवडाभरात पाडली गेली: भंगाराची गोदामं, पत्र्याच्या शेडमधली लहान वर्कशॉप. बांधकामं बेकायदा होती, नोटिसाही दिल्या होत्या. तरी ती वर्षानुवर्षं उभी राहू देणाऱ्यांचं काय, कामगारांनी जायचं कुठे, टप्प्याटप्प्याने हलवता आलं नसतं का, हे प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हाही चर्चेची जागा हजारो हरकतींनी घेतली. राजकारण संपलं नाही. ते बंद दाराआड आणि मोर्चांत गेलं.

त्याच वर्षी १७ मे रोजी इंद्रायणी नदीच्या, बांधकामाला मनाई असलेल्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पडले. ते घडलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ च्या आदेशामुळे, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवल्यानंतर. पत्र्याची शेड आठवडाभरात पाडता आली. बंगल्यापर्यंत नियम पोहोचवायला तीच ‘अडसर’ म्हणून हिणवली जाणारी न्यायाची वाट लागली. माझ्या मते या एका वर्षातल्या दोन कारवाया शेजारीशेजारी ठेवल्या, की मोकळा हात आधी कुणावर पडतो हे स्पष्ट दिसतं.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक समज मुरलेला आहे: आणीबाणीत शिस्त आली, कारखाने सुरळीत चालले. संप आणि टाळेबंदीत वाया गेलेले मनुष्यदिवस १९७४ मध्ये सुमारे चार कोटी होते, १९७६ मध्ये ते सव्वा कोटीच्या आसपास आले, हे खरं. पण त्या सव्वा कोटींतले तीन-चतुर्थांशांहून अधिक दिवस मालकांनी केलेल्या टाळेबंदीचे होते. शिस्त लागली ती कामगाराला. १९७५ च्या वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून, म्हणजे एका महिन्याच्या पगारावरून, ४ टक्क्यांवर आणला, आणि त्याविरुद्ध संप करण्याची सोय उरली नव्हती. ८.३३ टक्के परत आले ते १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलल्यावर.

यावर एक आक्षेप हमखास येतो: कंपनी एकाच्या हुकमावर चालते, मग शहर का नाही? पण चांगली कंपनी तशी चालत नाही. टोयोटाच्या पद्धतीने चालणाऱ्या असेंब्ली लाइनवर साध्या ऑपरेटरला दोष दिसला, तर तो अँडनची दोरी ओढतो. दिवा लागतो, सुपरवायझर येतो, दोष सुटला नाही तर लाइन थांबते. खालच्या माणसाला थांबवण्याचा अधिकार आहे म्हणून सदोष गाडी पुढे जात नाही. दुसरा आक्षेप सिंगापूरचा. ली कुआन यू यांनी देश घडवला हे मान्य, पण तसाच मोकळा हात फिलिपिन्समध्ये मार्कोसनाही मिळाला होता, आणि १९८६ मध्ये ते पळाले तेव्हा मागे कर्जाचा डोंगर होता. आपल्या वाट्याला यातला कोण येईल, हे आधी कळत नाही. आणि चुकीचा आला, तर काढायचा मार्ग तोवर बंद झालेला असतो.

कडकपणा हवाच असेल, तर तो कायद्यात आधीच लिहिलेला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे. ती पुरेशा कारणाविना पाळली नाही तर नागरिकाला अपील करता येतं, पुढे आयोगापर्यंत जाता येतं, आणि कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नळजोड किंवा दाखला अडला की ओळखीच्या ‘भाऊं’ना फोन लावण्याआधी हे अपील दाखल करावं. अशा किती अपिलांत दंड झाला, याचा हिशेब नव्या सभागृहातल्या आपल्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांकडे मागावा.