साध्या टीव्हीला कोडी जोडताना

मेहुण्याचा फोन आला. टीव्ही धडधाकट, पण स्मार्ट नाही. हार्ड डिस्कवरचे सिनेमे बघायचे कसे? म्हटलं, नवा टीव्ही राहू दे. एचडीएमआय आहे ना? मग रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर घे आणि त्यावर कोडी हे सिनेमे चालवणारं सॉफ्टवेअर चालव.

कोडी फुकट आणि मुक्तस्रोत आहे. मुळात ते एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलसाठी लिहिलेलं, नाव एक्सबीएमसी. २०१४ मध्ये कोडी झालं. त्यात सिनेमे मिळत नाहीत, आपले आपण आणायचे. ('सगळं फुकट दिसतं' म्हणून विकतात त्या बॉक्सच्या नादी लागू नका.)

पायसाठी लिब्रइलेक घ्या. ही फक्त कोडी चालवण्यापुरती ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर उघडून ती मेमरी कार्डवर उतरवायची, कार्ड पायमध्ये घालायचं, झालं.

मला सगळ्यात आवडतं ते सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच रिमोटचे हुकूम पोचवण्याची सोय. टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं! फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू हवं. एलजीत त्याला सिम्पलिंक म्हणतात, सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय असतात. केबल पॉवरच्या बाजूच्या पोर्टला लावा.

पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच घ्या. मोबाइलच्या चार्जरवर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसलं, तर वीज कमी पडतेय.

फक्त ओटीटी बघायचं असेल तर मात्र साधी स्ट्रीमिंग स्टिक बरी.

कुठे अडलात तर टीव्हीचं मॉडेल लिहून कमेंटमध्ये विचारा.