‘झीज’ आणि ‘ठिसूळपणा’ : अस्थिआरोग्य आणि आशा स्वयंसेविकेची भाषा

आरोग्यशिक्षण हे पुष्कळ अंशी भाषेचे कार्य आहे. ग्रामीण भागात ते प्रामुख्याने आशा स्वयंसेविका पार पाडतात. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारणतः १००० लोकसंख्येमागे एक ‘आशा’ अशी योजना करण्यात आली. तिचे आकलन आणि तिची शब्दनिवड यांवर रोगप्रतिबंध कसा अवलंबून असतो, हे आपण ऑस्टिओपोरोसिसच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

१. संज्ञेचा अर्थ

ऑस्टिओपोरोसिसला मराठीत ‘अस्थिसुषिरता’ म्हणतात. ‘सुषिर’ म्हणजे पोकळ, छिद्रयुक्त. बासरीला आपण सुषिर वाद्य म्हणतो ते याच अर्थाने. या विकारात हाडांची घनता घटते, ती ठिसूळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही मोडतात.

२. ‘झीज’ शब्दामुळे होणारी गफलत

बोलीत ‘हाडे झिजली’ हा प्रयोग सर्रास आढळतो. मात्र गुडघेदुखीतील झीज सांध्याच्या कूर्चेची असते आणि ती दुखते. हाडांचा ठिसूळपणा मात्र हाड मोडेपर्यंत बहुधा जाणवतही नाही. दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर ‘मला काही दुखत नाही, म्हणजे माझी हाडे चांगली आहेत’ असा समज दृढ होतो. खुब्याचे हाड मोडल्यावर अनेक वृद्धांना पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणून हा समज महागात पडतो.

३. प्रतिबंधाचे आकलन

हा केवळ म्हातारपणाचा विषय नव्हे. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत पूर्ण होतो आणि रजोनिवृत्तीनंतर तो वेगाने घटतो. त्यामुळे किशोरवयीन मुलीचा आहार हाही प्रतिबंधाचाच भाग ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक असते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध आणि तीळ हेही त्याचे चांगले स्रोत आहेत. त्याच्या शोषणासाठी ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजेच पुरेसे ऊन हवे. चालण्यासारखा व्यायाम करणे आणि धूम्रपान व अतिमद्यपान टाळणेही आवश्यक असते. न्हाणीतील शेवाळ काढणे आणि रात्री वाटेत उजेड ठेवणे, हेही वृद्धांच्या बाबतीत प्रतिबंधाचेच उपाय होत.

४. योग्य प्रश्न विचारण्याचे कौशल्य

‘माझी पिशवी काढली आहे’, असे एखादी स्त्री सांगते. येथे पिशवी म्हणजे गर्भाशय. परंतु त्यासोबत अंडाशयेही काढली असतील, तर हाडांची हानी लवकर सुरू होते. म्हणून ‘फक्त पिशवीच काढली, की बीजकोशही?’ असा प्रश्न आशाने विचारायला हवा. तसेच उंची कमी होणे, पाठीला बाक येणे किंवा साध्या पडण्याने हाड मोडणे, ही चिन्हे दिसल्यास त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. निदान करणे हे आशाचे काम नाही; वेळेवर वाट दाखवणे हे आहे.

यावरून लक्षात येईल, की सोपा शब्द नेहमीच अचूक असतो असे नाही. जो शब्द ऐकणाऱ्याला योग्य कृतीकडे नेतो, तोच आरोग्यशिक्षणात समर्थ ठरतो.

स्वाध्याय : तुमच्या परिसरात हाडांच्या दुखण्यांसाठी रूढ असलेले पाच शब्दप्रयोग नोंदवा आणि त्यांपैकी कोणते संदिग्ध आहेत ते सकारण लिहा.