त्याला आधी रुळू द्या

निवारा केंद्रातला कुत्रा घरी आणायचं ठरलं की बहुतेक जण गादी, भांडी, खेळणी घ्यायला धावतात. त्याची घाई नसते. आधी घरातल्या सगळ्यांनी बसून बोलायला हवं. सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार? गावाला गेलं की त्याला कोण सांभाळणार? वडीलधाऱ्यांना तो चालणार आहे का? देशी कुत्रा नीट सांभाळला तर १२-१५ वर्षं जगतो. एकट्याच्या हौसेवर एवढा काळ निभत नाही.

केंद्रात पिल्लांपाशीच अडकू नका, मोठी कुत्रीही बघा. त्यांचा स्वभाव तिथल्या सेवकांना पक्का ठाऊक असतो, पिल्लाचा कुणालाच नसतो. लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली असते. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यांत गोचीडताप बराच आढळतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावं. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५च्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. तरी शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

खरी कसोटी पुढे आहे. नवा कुत्रा पलंगाखाली शिरतो, अन्नाला तोंड लावत नाही, केर काढायला झाडू उचलला तरी अंग चोरतो. त्याला ओढून बाहेर काढू नका, पाहुण्यांना बघायला बोलावू नका. पाणी जवळ ठेवा आणि थोडं लांब, त्याच्याकडे न बघता जमिनीवर बसा. बावरलेपण ओसरायला तीन दिवस, दिनक्रम अंगवळणी पडायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने, असा ढोबळ हिशेब या कामातली माणसं सांगतात. काहींना याहून जास्त काळ लागतो, तो द्यावा.

याच दिवसांत कुत्री निसटतात. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो, मान खाली घालतो आणि गळपट्टा कानांवरून सुटतो. म्हणून सुरुवातीला गळपट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घाला, दोन्हींना वेगळी दोरी लावा. गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच.

आणि दिवाळी तोंडावर आली असेल, तर थांबा. फटाके संपल्यावरच त्याला घरी आणा.