निर्गुडीचा पाला आणि पांढरा उंदीर

गुडघा सुजला, कंबर धरली, की जुन्या घरांतून पहिली आठवण होते ती निर्गुडीची. पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा आणि शेकायचे. आराम पडतो, असे आजी सांगते. पण तो नेमका कशाने पडतो? पाल्यातल्या औषधाने, उबेने, की आजीच्या मायेच्या हाताने? औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. हा प्रश्न वर्गात निघाला, की आमची पावले पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्याकडे वळतात.

झाडपाल्यातून वेदनाशामक मिळते, यात नवल नाही. अफूतून मॉर्फिन निघाले. वाळुंजाच्या जातीच्या झाडाची साल तापावर गुणकारी असल्याचे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मगुरूने १७६३ मध्ये कळवले. त्याच वाटेने पुढे १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झाले.

पण वेदना मोजायची कशी? माणूस ‘दुखतंय’ म्हणतो, उंदीर बोलत नाही. म्हणून त्याच्या हालचाली मोजतात. पाला सावलीत वाळवून भुकटी करतात आणि पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. उंदरांचे बहुधा सहा-सहाचे गट पाडतात. एका गटाला औषधाविना नुसते द्रावण, दुसऱ्याला माहीत असलेले वेदनाशामक, उरलेल्यांना अर्काच्या चढत्या मात्रा.

मग उंदराला सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापलेल्या पत्र्यावर ठेवायचे. तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले, ते पाहायचे. औषध लागू पडले तर हा वेळ लांबतो. ठरलेल्या वेळेत, साधारण पंधरा सेकंदांत, काहीच झाले नाही तरी त्याला उचलावे लागते. नाहीतर पाय भाजतील. दुसऱ्या परीक्षेत पोटात सौम्य ॲसिटिक आम्ल टोचतात आणि उंदीर कितीदा अंग ताणून पिळवटतो, ते मोजतात. मॉर्फिनसारखी मज्जासंस्थेवर काम करणारी औषधे दोन्ही परीक्षांत उतरतात. ॲस्पिरिनच्या जातीची बहुधा दुसरीतच. त्यावरून अर्क कुठे काम करतो, याचा अंदाज बांधता येतो.

इथे फसगतही होते. गुंगी आलेला उंदीरसुद्धा उडी मारत नाही! म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो का, हेही तपासायला हवे. ते न करता ‘वेदना शमली’ म्हणणे म्हणजे झोपलेल्या पोराला शहाणा म्हणण्यासारखे.

निर्गुडी या परीक्षांत उतरली आहे. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ताज्या पानांच्या अर्काने उंदरांची सूज आणि वेदना कमी झाल्या. मात्र तो अर्क पोटातून दिला होता. आजी शेकते ती बाहेरून. म्हणजे उंदराने दिलेले उत्तर आपण विचारलेल्या प्रश्नाचे नव्हतेच.

मला खटकते ते पुढेच. त्याच त्या वनस्पती, त्याच दोन परीक्षा, आणि शेवटी ‘परंपरागत उपयोगाला पुष्टी मिळाली’ हे ठरलेले वाक्य. प्रबंध कपाटात जातो. माणसावरच्या चाचणीपर्यंत फारच थोडे अर्क पोचतात. उंदराने मात्र वेदना सोसलेली असते. भारतात १९६० च्या कायद्याने आणि १९९८ च्या नियमांनी अशा प्रयोगांवर बंधने आहेत, संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच तीन सूत्रे मांडली: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. माझे विद्यार्थी अर्ज घेऊन येतात तेव्हा मी एवढेच विचारतो, ‘उत्तर ‘हो’ आले, तर पुढची पायरी कोणती?’ पायरी सांगता येत नसेल, तर पिंजरा उघडू नये.

आणि वाचकहो, उंदरावर यश मिळाले म्हणून पाल्याचा काढा मनाने पिऊ नका. उंदराची मात्रा वजनाच्या हिशेबाने सरळ माणसाला लावता येत नाही. शेक जरूर घ्या, कातडी भाजणार नाही एवढा. पोटात घ्यायचे असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा. आजीची माया आणि शास्त्राची शिस्त यांचे वैर नाही. फक्त एकीचे काम दुसरीवर सोपवू नये.