चुलीच्या धुराचा हिशेब

घरात गॅसची शेगडी आली म्हणजे धूर गेला, असे आपण सहज मानतो. शहरी मध्यमवर्गापुरते ते खरेही ठरले. ग्रामीण भागात मात्र शेगडी ओट्यावर आणि पेटती चूल परसात, असे दुहेरी चित्र अनेक ठिकाणी दिसते. त्याबद्दल गृहिणीच्या सवयीला दोष देणे सोपे आहे. तथापि ते न्याय्य नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे अनामत रकमेविना गॅसजोडणी मिळू लागली. सप्टेंबर २०१९ पर्यंत अशा ८ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे शहरांत सुमारे ९० टक्के, तर खेड्यांत ४३ टक्केच आढळली.

याचे कारण उघड आहे. जोडणी एकदाच घ्यावी लागते; सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने वर्षाला सरासरी ३ सिलिंडर घेतले. वर्षभराच्या स्वयंपाकाला ते पुरत नाहीत; उरलेले दिवस चुलीचेच. २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि पुढच्या वर्षी ३०० रुपये अनुदान मिळू लागले, तेव्हा ही सरासरी ४ च्या आसपास पोहोचली. पण अनुदान मागाहून बँकेत जमा होते. पूर्ण किंमत आधी हातावेगळी करावी लागते. हातावर पोट असलेल्या घरात तेवढी रक्कम एकदम निघत नाही.

याउलट सरपण ‘फुकट’ मिळते. हा शब्दच फसवा आहे. मोळी आणणाऱ्या बाईची मजुरी कोणी धरीत नाही, गोवरीबरोबर जळणाऱ्या खताची किंमत कोणी मांडीत नाही. तिच्या खोकल्याचा आणि मांडीवरच्या मुलाच्या न्यूमोनियाचा खर्च दवाखान्याच्या खात्यावर पडतो. ज्या इंधनाची किंमत स्त्रीच्या देहातून वसूल होते, ते घराला स्वस्तच वाटणार.

म्हणून राहणीमानाचे मोजमाप वाटलेल्या जोडण्यांवरून नव्हे, तर पुन्हा भरून घेतलेल्या सिलिंडरांवरून व्हावयास हवे. अनुदान खरेदीच्या वेळीच वजा करणे, लहान सिलिंडर गावात सहज मिळणे, हे उपाय अशक्य कोटीतील नाहीत. मोळीमागे जाणारे तास जेव्हा त्या स्त्रीच्या हाती उरतील, तेव्हाच धूर खऱ्या अर्थाने घराबाहेर गेला, असे म्हणता येईल.