वाटाघाटींचे भाकीत आणि सहीचा अधिकार

आंतरराष्ट्रीय परिषद भरली की वर्तमानपत्रांतून भाकिते सुरू होतात. कोण नमणार, कोण जिंकणार! ही भाकिते बहुधा पुढाऱ्यांच्या भाषणांवर बेतलेली असतात, म्हणून फसतात. आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. सही कोणाची लागणार? बोलणी फिसकटली तर नुकसान कोणाचे? आणि वेळ कोणाच्या बाजूने आहे?

पुण्याच्या येरवडा तुरुंगातील वाटाघाटींना हेच प्रश्न लावून पाहा. लंडनच्या गोलमेज परिषदेत एकमत झाले नाही, म्हणून ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध 20 सप्टेंबरला गांधीजींनी आमरण उपोषण आरंभले. वेळ गांधीजींच्या बाजूने होती. काही विपरीत घडते तर खेड्यापाड्यांतील अस्पृश्यांवर सूड उगवला जाण्याची भीती होती. तेव्हा स्वतंत्र मतदारसंघ टिकणे कठीण, हे दिसतच होते. परंतु संबंधित समाजांच्या संमतीवाचून निवाडा बदलणार नाही, असे सरकारने सांगितले होते. म्हणजे बाबासाहेबांच्या सहीवाचून मार्ग नव्हता! त्या सहीच्या बळावरच 24 सप्टेंबरच्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा जवळपास दुप्पट, म्हणजे 148 झाल्या. उपोषणाने मतदारसंघ हिरावले. सहीने जागा मिळवल्या.

आता 2001 सालची दरबानची वंशभेदविरोधी जागतिक परिषद घ्या. दलित कार्यकर्त्यांनी तेथे जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. स्वयंसेवी संघटनांच्या जाहीरनाम्यात जात आली. पण सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यात 'जात' हा शब्दही नाही. का? तेथे सहमती सरकारांची लागत होती आणि भारत सरकारचा विरोध होता. आमच्याजवळ आवाज होता, सही नव्हती. उलट, 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. त्या समितीत स्वतंत्र तज्ज्ञ बसतात, सरकारांचे प्रतिनिधी नव्हे!

बांधवांनो, परिषदेला शिष्टमंडळ धाडण्यापूर्वी टाळ्या मोजू नका, सह्या मोजा. जेथे आपली सही लागत नाही, तेथे निकाल आधीच ठरलेला असतो. तो बदलायचा तर सहीचा अधिकार असलेले सरकार आधी घरीच मतपेटीतून बदलावे लागेल.