पोलिसांनी अटक केली तर? २४ तासांचं गणित
माझ्या रूममेटला एकदा रात्रभर चौकीत बसवून ठेवलं होतं. तेव्हा बीटेक असून मला यातलं शून्य माहीत होतं. तर ऐका. संविधानाचं कलम २२ म्हणतं: अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. रविवार मात्र धरतात बरं का! (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम वेगळे.) घरच्यांना कळवणंही पोलिसांचंच काम.

आणि 'जबाबावर सही कर' म्हणाले तर? तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसचं हे कलम १८१. जुन्या सीआरपीसीतही १६२ होतंच. अटक पंचनाम्यावरची सही वेगळी, ती वाचून करा. रूममेटने त्या रात्री कोऱ्या कागदावर केली होती.